बॅकस्पेसचा खडखडाट

परतबाईंच्या घरात बोलायचं काम आता एक यंत्र करतं. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्याला जोडलेला डबीएवढा स्पीकर, आणि त्यातून येणारा एक बायकी आवाज. हा आवाज कधी चिडत नाही, कधी दमत नाही. ‘चहा झालाय’ आणि ‘घराला आग लागलीय’ ही दोन्ही वाक्यं तो सारख्याच थंडपणे म्हणेल. बाईंना तो मनापासून नकोसा होता. पण गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, आणि स्वतःचा आवाज गेला तो गेलाच. बरं, पाटीवर लिहून दाखवावं म्हटलं, तर घरात ज्या एकाच माणसाशी बोलायचं त्याला दिसत नाही. तेव्हा बाईंनी टाइप करायचं, यंत्राने बोलायचं आणि नवऱ्याने ऐकायचं. दोघांचा संसार एवढ्याच एका वाटेवर येऊन ठेपला होता.

आता ‘परतबाई’ हे काय नाव झालं का? पण गावातल्या निम्म्या कारकुनांना त्यांचं खरं नाव विचाराल तर सांगता यायचं नाही. बाईंचा टायपिंगचा क्लास होता. बोळाच्या तोंडाशी, जिन्याखालची लांबट खोली, त्यात ओळीने मांडलेली यंत्रं. बाई मागे हात बांधून फिरायच्या. कुणाच्या कागदावर एखादा अनुस्वार राहिला, एखादी मात्रा भलत्याच अक्षरावर बसली, की कागद रोलरमधून खर्रकन ओढून काढायच्या आणि म्हणायच्या, “परत.” बस, एवढंच. ओरडायच्या नाहीत, समजावायच्या नाहीत. पान संपायला शेवटची ओळ उरली असली तरी परत म्हणजे पहिल्यापासून परत. पोरी रडायच्या, पोरं मागे शिव्या घालायची, आणि परीक्षेत मात्र सगळी धडाधड पास व्हायची. बाईंचा तो ‘परत’ रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जायचा, असा खणखणीत आवाज होता.

त्या क्लासची यंत्रं दुरुस्त करायला जो माणूस यायचा तोच पुढे त्यांचा नवरा झाला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, बाईसुद्धा चारचौघांत मिस्त्रीच म्हणायच्या. पोरांनी चोरून बटणांकडे बघू नये म्हणून बोटांवर बसणारी पत्र्याची झाकणं यांनीच बनवून दिली होती. बाई त्या झाकणांवर भाळल्या असं मिस्त्री सांगायचे, आणि बाई म्हणायच्या, छे, बिल कमी लावलं म्हणून. मिस्त्रींचे कान मोठे तयार. यंत्राकडे पाठ करून स्टुलावर बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे की तिसऱ्या यंत्राचा काना अडकतोय. जुन्या यंत्रात साधं अक्षर मारलं की कागदाची गाडी एक घर पुढे सरकायची, पण अक्षराच्या डोक्यावरचं चिन्ह मारलं की ती जागच्या जागी राहायची. त्यामुळे चिन्हाचा आवाज अर्धाच यायचा, आणि कुणी किती चिन्हं गाळली हे मिस्त्रींना न बघता कळायचं. बाईंचा निम्मा धाक त्यांच्या जिवावर होता म्हणा ना.

पुढे कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. बाई हटल्या नाहीत. नवा कीबोर्ड शिकल्या, जोडाक्षरं आणि वेलांट्या नव्या बोटांवर बसवल्या, घरी बसून लोकांची प्रबंधांची कामं करून दिली. पण एक वाईट खोड लागली. जुन्या यंत्रावर खोडायची सोय नव्हती, म्हणून बोट जपून पडायचं आणि काम भराभर व्हायचं. इथे पुसायचं बटणच हाताशी, आणि पुसल्याचा डागही राहत नाही. झालं, बाई पुसू लागल्या. एक शब्द लिहायचा, मागे जायचं, वेलांटी बदलायची, पुढे यायचं, पुन्हा शंका आली की पुन्हा मागे. बॅकस्पेसचं ते लांब बटण एका बाजूला सैल होऊन खडखडायला लागलं होतं. मिस्त्री म्हणायचे, आणा इकडे, बसवून देतो. पण तोवर काचबिंदूने त्यांचे डोळे खाल्ले होते, आणि बारीक कामाला हात घालायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

असं हे जोडपं. एकाचे डोळे गेले, मग दुसरीचा आवाज गेला. कुणावर रागवायचं सांगा.

ऑपरेशननंतर बाई घरी आल्या तेव्हा यंत्र नवं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी घाईघाईत टाइप केलं, मला पाणी हवंय. घाईत काना राहिला, वेलांटी राहिली, अनुस्वार राहिला. यंत्र आपलं इमानदारीत म्हणालं, “मल पण हवय.” मिस्त्री खो खो हसले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यात वाईट काही नव्हतं, बायको जिवंत घरी आली याचंच ते हसू होतं. पण बाईंना ते लागलं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याची एक मात्रा सोडली नाही, तिचा आता उरलासुरला आवाज बोबडा, आणि त्यावर नवराच हसतोय. त्या दिवसापासून बाईंनी ठरवलं, निर्दोष झाल्याशिवाय वाक्य सोडायचं नाही.

मिस्त्रींचीही एक चूक झाली होती. सुरुवातीला बाई हाक मारायला ताटलीवर चमचा वाजवायच्या. मिस्त्री दचकायचे. एकदा भडकून म्हणाले, “चमचा वाजवून काय बोलावतेस? मी काय मांजर आहे? माणसासारखं बोल.” बाईंनी चमचा ठेवला तो कायमचाच. टाळी नाही, टकटक नाही, काही नाही. बोलायचं तर नीट, पूर्ण, माणसासारखं. आता दोन मानी माणसं एका घरात राहिली की असंच होणार.

आणि मग ती बादली.

सकाळची वेळ होती. फरशी पुसणारी कामवाली बादली दारात ठेवून फडकं पिळायला मोरीकडे गेली होती. मिस्त्री अंघोळीला निघाले. घर पायाखालचं, त्यामुळे ते भिंतीला बोटं लावून चांगले झपाझप चालत. बाई टेबलाशी होत्या. त्यांना बादली दिसली, मिस्त्री दिसले, आणि दोन्हींमधलं अंतरही दिसलं. बोटं बटणांवर गेली. थांबा, समोर बादली आहे. बाईंची बोटं म्हणजे काय विचारता, सगळं क्षणात लिहून झालं. फक्त बादलीची वेलांटी ऱ्हस्व पडली होती. आणि बाई मागे गेल्या.

हो, मागे गेल्या. नवरा बादलीकडे चाललाय आणि बाई ‘आहे’ पुसतायत, ‘बादली’चं शेपूट पुसतायत, दीर्घ वेलांटी देतायत, पुन्हा ‘आहे’ लिहितायत. विचार करून नाही केलं हो, हाताने केलं. बोलायचं बटण दाबलं तेव्हा मिस्त्री पाण्यात आडवे पडलेले होते, मनगट अंगाखाली दुमडलेलं. आणि यंत्र त्यांच्या डोक्यावरून अतिशय शुद्ध, स्पष्ट आवाजात म्हणालं, “थांबा, समोर बादली आहे.”

मनगट मोडलं. प्लॅस्टर चढलं. लेक दुसऱ्या गावाहून धावत आली. लेक शहाणी, कामाची, बोलायला फटकळ. तिने आल्या आल्या विचारलं की झालं कसं. बाईंनी कीबोर्ड ओढला, पण मिस्त्रींनी त्यांच्या आधीच तोंड उघडलं. म्हणाले, हिने वेळेवर सांगितलं होतं गं, यंत्र व्यवस्थित बोललं, मीच लक्ष दिलं नाही. मला वाटलं शेजारचा रेडिओ. बाईंची बोटं जागच्या जागी राहिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याची शरम वाटली.

त्या एका खोट्याने घर फुटायची वेळ आली. लेकीने हिशेब मांडला. आई बोलते, पण बाबा ऐकत नाहीत. उद्या गॅसवर जातील, परवा जिन्यावरून. बाबांना मी माझ्याकडे नेते. आईला नेता येत नाही, कारण तिच्या गळ्याची नळी साफ करायला, तपासायला इथलंच हॉस्पिटल लागतं, आणि माझ्याकडे खोली एकच. आई मावशीकडे राहील, मावशी इथून दोन गल्ल्या पलीकडे. कोण काय बोलणार? त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मावशीने खाट रिकामी केली. मिस्त्री ‘बरं’ म्हणाले. बाईंनी टाइप केलं, ‘बरं’, आणि त्यावरचा अनुस्वार नीट पडलाय ना ते बघून मगच बटण दाबलं.

पण मनातून बाई पार मोडून गेल्या होत्या. मिस्त्रींच्या सामानात काय भरायचं ते लेक विचारायची आणि बाई कपाटातून एकेक काढून द्यायच्या. लोकरी टोपी, काठी, दाढीचं सामान. त्यांना सारखं वाटायचं की आपण सांगावं. मग वाटायचं, सांगून काय होणार? लेक म्हणेल, मग तर एकत्र ठेवायलाच नको. न सांगितलं तर नवरा हट्टी आणि बेफिकीर ठरतो, सांगितलं तर आपण नालायक ठरतो, जायचं दोन्हीकडून आहेच. आणि तिकडे लेकीच्या घरी मिस्त्रींना कोण सांगणार, की खिडकीत कबुतर बसलंय, की शर्टाचं बटण वरखाली लागलंय? त्या शुद्ध, थंड आवाजातून का होईना, हे सगळं बाईच सांगायच्या.

निघायचा दिवस आला. टॅक्सी खाली उभी होती. मिस्त्री कोट चढवून, प्लॅस्टरचा हात झोळीत अडकवून, भिंतीजवळच्या खुर्चीत बसले होते. लेकीने बॅग उचलली आणि म्हणाली, चला बाबा. बाई टेबलाशीच होत्या. त्यांनी हात वर करून लेकीला थांबवलं आणि टाइप करायला लागल्या.

एक ओळ झाली, आणि बाई मागे गेल्या. खडखड. पुन्हा एक शब्द, पुन्हा खडखड. लेक घड्याळ बघत होती. म्हणाली, आई, फोनवर सांग ना, तो माणूस खाली खोळंबलाय. बाईंच्या कपाळावर घाम आला. घाईत चिन्हं गळत होती, आणि एकेका चिन्हासाठी त्या मागे जात होत्या. खडखड, खडखड.

“पुसू नको,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं.

“जसं आहे तसं सोड. मी नाही हसणार.”

बाईंनी डोळे मिटले. पत्र्याच्या झाकणाखाली हात घातल्यासारखं, बघायचंच नाही असं ठरवून त्यांनी सगळं एका दमात लिहिलं आणि बटण दाबलं. यंत्र बोलायला लागलं. “बदल दसल हत. मी आध चक पसत बसल.” आवाज तोच, शुद्ध आणि थंड, आणि बोलणं असं की खडे मोजतंय. लेकीला अर्थबोध होईना. ती म्हणाली, काय? काय बदललं? ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे यायला निघाली.

मिस्त्रींनी तिला हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एकेक शब्द नीट लावत ते म्हणाले, “ती म्हणतेय, बादली दिसली होती. मी आधी चूक पुसत बसले.”

लेकीने बॅग होती तिथेच, खोलीच्या मध्यावर, धपकन खाली ठेवली.

“बाबा, म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत,” ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. “आणि तू कुठली तरी वेलांटी दुरुस्त करत होतीस. ते पडत होते आणि तू वेलांटी दुरुस्त करत होतीस.” ती जराशी हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. “मला आश्चर्य पण वाटत नाहीये, आई. मी तापात क्लासला बसले होते, तेव्हाही तू माझा कागद ओढून काढला होतास.”

बाईंना आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पोरीचे लाल डोळे आठवत होते, आणि आपण वळून पुढच्या यंत्राकडे गेलो तेही. त्यांनी मान खाली घातली.

मग मिस्त्री बोलायला लागले, आणि त्यांनी जे सांगितलं ते बाईंनाही नवं होतं. म्हणाले, तिचं एकटीचं नाही ते. टकटक सुरू झालेली मला ऐकू आली होती. लांब बटण खडखडलं तेही ऐकू आलं. ही मला काहीतरी सांगतेय हे कळलं होतं, तेव्हाच पाय थांबवायला हवा होता. पण डोक्यात राग होता. म्हटलं, आता ही पुसणार, मग लिहिणार, मग पुन्हा पुसणार, एवढा वेळ मी काय खांबासारखा उभा राहू? तोवर अंघोळ करून येतो. म्हणून चालत राहिलो. “माणसासारखं बोल असं मीच तिला सांगितलं होतं,” ते म्हणाले, “आणि माणसासारखं ऐकलं मात्र नाही.”

खालून हॉर्न वाजला तशी लेक खिडकीशी गेली आणि पाठ फिरवून टॅक्सीवाल्याला फोन लावू लागली. चूक कुणाची ते तिला कळलं होतं, पण त्याने तिचा प्रश्न सुटला नव्हता. उलट वाढलाच होता. एक सांगू शकत नाही आणि दुसरा ऐकत नाही, अशा दोघांना कुलूप लावल्यासारखं इथे सोडून जायचं कसं? फोनवर ती म्हणत होती, येतो आम्ही, पाच मिनिटं. ‘आम्ही’ हा शब्द बाईंनी ऐकला, आणि मिस्त्रींनीही.

मिस्त्री उठले. काठी बॅगेवर बांधलेली होती आणि उजवा हात झोळीत, म्हणून डावा हात पुढे धरून ते टेबलाकडे, बाईंकडे यायला निघाले. खुर्ची ते टेबल ही त्यांची पाठ असलेली वाट. आज तिच्या मधोमध बॅग होती. लेकीची पाठ होती. बाईंनी बॅग पाहिली, मोडका हात पाहिला, आणि त्यांचा झपझप पडणारा पाय पाहिला.

बोटं बटणांवर पडली. काना राहिला, अनुस्वार राहिला. बाईंना ते कळलं. हाताला लगेच कळतं, पडद्याकडे बघावं लागत नाही. करंगळी आपली आपण बॅकस्पेसकडे निघालीसुद्धा. बाईंनी ती मूठ वळावी तशी आत ओढली आणि बोलायच्या बटणावर दुसरा हात आपटला.

“थबा,” यंत्र म्हणालं.

मिस्त्री थांबले. बटणांचा आवाज येताच पाय आखडला होता, शब्द आला तेव्हा तो हवेतच होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला आणि उभे राहिले, खांबासारखे. बॅगेचा पट्टा त्यांच्या बुटाच्या टोकाला लागला होता.

लेक वळली. तिने बॅग पाहिली, बाबा पाहिले, आणि आईचा अजून बटणावर दाबून धरलेला हात पाहिला. फोनवर तो माणूस हॅलो हॅलो करत होता. ती त्याला म्हणाली की तुम्ही जा, तुमचे पैसे देते.

म्हणून लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. लेक बराच वेळ धुसफुसत होती. म्हणाली की आज नेत नाही, पण रोज असंच जमेल याची मला खात्री नाही, आणि तुम्हा दोघांनाही नसावी. पुढच्या तपासणीला येईन तेव्हा बघू. तिने बॅग उचलून कपाटाच्या वर टाकली, पण रिकामी केली नाही. मग पैसे द्यायला जिना उतरून गेली.

मिस्त्री चाचपडत टेबलाशी आले आणि बाईंच्या शेजारी बसले. बाईंना रडायचं होतं, पण गळ्याच्या नळीमुळे रडतानाही धाप लागायची, म्हणून त्या नुसत्या बसून राहिल्या. समोर पडद्यावर तो शब्द तसाच होता. थबा. काना नाही, अनुस्वार नाही. क्लासात कुणी असा कागद दिला असता तर बाईंनी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. त्यांची करंगळी सरकत सरकत त्या लांब बटणावर जाऊन टेकली, आणि बटण जरासं खडखडलं.

“राहू दे ना,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी बोट उचललं. पण त्या शब्दाकडे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी मान फिरवली आणि मिस्त्रींच्या शर्टाचं वरखाली लागलेलं बटण काढून नीट लावलं.